ठिपक्यांत राहिलेला रंग

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा आठवा सीझन २०२१ मध्ये ब्लू-रे डिस्कवर आला. जानेवारी ते जून १९७१ या काळात बीबीसीवर दाखवलेल्या पाच कथा, एकूण २५ भाग, आणि सगळे रंगीत. संच विकत घेणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मालिका १९७० पासूनच रंगीत झाली होती. नवल आहे ते पडद्यामागे. या २५ भागांपैकी मोजक्याच भागांच्या मूळ रंगीत टेप आज शिल्लक आहेत. बाकीच्या बीबीसीनेच पुसल्या.

पुसणाऱ्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. त्या काळची दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा दाखवायचा यावर मर्यादा होती. घरोघरी व्हिडिओ यंत्रं आलेली नव्हती, त्यामुळे जुना कार्यक्रम कोणी विकत घेऊन बघेल हा विचारच कोणाच्या मनात आला नाही. टेप मोकळी करून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करणं हे तेव्हा काटकसरीचं लक्षण होतं. या काटकसरीत मालिकेचे १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग गेले, ते अजूनही सापडलेले नाहीत.

आठवा सीझन वाचला तो परदेशी विक्रीमुळे. ज्या देशांत रंगीत प्रसारण सुरू झालेलं नव्हतं, त्यांना बीबीसी १६ मिलिमीटरच्या फिल्म विकत असे. पद्धत सरळ होती: एका मॉनिटरवर कार्यक्रम लावायचा आणि समोर ठेवलेल्या फिल्म कॅमेऱ्याने तो टिपायचा. फिल्म अर्थातच कृष्णधवल, कारण घेणाऱ्याला तेवढंच हवं होतं. टेप पुसल्या गेल्या, फिल्म राहिल्या. काही कथांच्या बाबतीत नशीब थोडं बरं होतं. अमेरिकेत रंगीत प्रसारण घरच्या व्हिडिओ यंत्रावर टिपून ठेवणारे शौकीन होते. त्यांच्या टेपमधला धुरकट रंग आणि बीबीसीच्या फिल्मचा रेखीवपणा एकमेकांवर बसवून ‘द डीमन्स’ ही कथा १९९२ मध्ये पुन्हा रंगीत करण्यात आली. मात्र ‘द माइंड ऑफ इव्हिल’ या सहा भागांच्या कथेसाठी अशी रंगीत टेप मिळाली ती फक्त काही मिनिटांची. बाकी सगळं कृष्णधवल. तुरुंगातल्या कैद्यांच्या मनातला दुष्टपणा उपसून काढणाऱ्या यंत्राची ही गोष्ट. तिचा रंग परत आणण्यासाठी जे करावं लागलं, ते त्या यंत्राइतकंच अचाट आहे, फरक इतकाच की हे खरं आहे.

त्यासाठी आधी बीबीसीची रंगीत प्रसारणाची पाल ही पद्धत समजून घ्यावी लागेल. आपलं दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते याच पद्धतीने. जर्मनीतल्या टेलेफुंकन कंपनीचे अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केली. रंगीत प्रसारण सुरू झालं म्हणून लोकांनी जुने संच भंगारात टाकावेत, असं कोणालाच नको होतं. म्हणून कृष्णधवल चित्राचा सिग्नल होता तसाच ठेवला आणि रंगाची माहिती एका वेगळ्या लहरीवर चढवून त्याच सिग्नलमध्ये मिसळली. ही रंगलहर सेकंदाला ४४ लाख ३३ हजारांहून अधिक वेळा कंप पावते. लहरीची उंची सांगते की रंग किती गडद आहे. तिची कला, म्हणजे ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे सांगतं की रंग कोणता: तांबडा, हिरवा की निळा.

पाल चित्रात सेकंदाला १५,६२५ रेषा काढल्या जातात. भागाकार केला तर एका रेषेत रंगलहरीची साधारण २८३.७५ आवर्तनं बसतात. कृष्णधवल पडद्यावर ही आवर्तनं अतिशय बारीक, एकाआड एक उजळ-मंद ठिपक्यांच्या रूपात दिसतात. तो पाऊण आवर्तनाचा हिशेब मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे ठिपके प्रत्येक रेषेत सरकतात, एकाखाली एक येऊन उभ्या पट्ट्या तयार होत नाहीत आणि डोळ्यांना त्रास कमी होतो.

तरीही फिल्म काढताना हे ठिपके नको असत. रंगलहर गाळून टाकणारा फिल्टर लावावा, अशी अपेक्षा असे. काही वेळा तो लावला गेला नाही. कॅमेऱ्याने मग मॉनिटरवरचे ठिपकेही इमानाने टिपले. पुढची अनेक वर्षं ते चित्रातला दोष म्हणूनच ओळखले गेले.

बीबीसीच्या जतन विभागातले जेम्स इन्सेल यांनी या दोषाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ठिपके म्हणजे रंगलहर, आणि रंगलहर जर फिल्मवर उमटली असेल तर रंगही तिथेच असणार, तो उलगडायचा कसा एवढाच प्रश्न. त्यांच्याभोवती तज्ज्ञांचा एक गट जमला आणि बीबीसीचे माजी अभियंता रिचर्ड रसेल यांनी त्यासाठी संगणकप्रणाली लिहिली.

कल्पना सोपी, अंमलबजावणी जिकिरीची. मॉनिटरचा काचेचा पडदा फुगीर असतो, म्हणून कडेच्या रेषा वाकतात. फिल्म वर्षानुवर्षांत आक्रसते आणि कॅमेऱ्यातून जाताना किंचित हलतेही. साध्या डोळ्यांना हे जाणवत नाही. पण इथे एका रेषेच्या २८३ भागांपैकी एकाच्याही अंशाइतकी चूक झाली तर लहरीची कला चुकते आणि माणसाचा चेहरा हिरवा होतो. म्हणून फिल्म उच्च क्षमतेने स्कॅन करायची, मूळ रेषा शोधायच्या, प्रत्येक चौकट संगणकात ताणून-दाबून पुन्हा मूळ मापात बसवायची आणि मगच ठिपक्यांतून रंग वाचायचा.

एवढं करूनही एक अडचण उरते. प्रसारणात प्रत्येक रेषेच्या आधी रंगलहरीचा एक छोटा नमुना पाठवला जातो. संच त्याच्याशी ताडून कला ठरवतो. हा नमुना चित्राच्या चौकटीबाहेर असतो, त्यामुळे फिल्मवर तो येतच नाही. घड्याळाचा काटा दिसतो, पण बारा कुठे आहेत ते तबकडीवर लिहिलेलं नाही, अशी ही स्थिती. पाल पद्धतीत रंगाचा एक घटक रेषेगणिक उलटा केला जातो. त्याच्या आधारे शक्यता चारवर येतात आणि त्यांतली योग्य कोणती हे संगणकाला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज चुकला की चित्राचा एखादा तुकडा भलत्याच रंगात निघतो आणि माणसाला तो दुरुस्त करावा लागतो. निघालेला रंगही फिकट आणि खरखरीत असतो, त्यावर पुन्हा सफाई करावी लागते.

या पद्धतीने रंगीत झालेला पहिला कार्यक्रम २००८ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीवर दिसला. तो ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचा एक भाग होता. ‘द माइंड ऑफ इव्हिल’ची रंगीत डीव्हीडी आली २०१३ मध्ये. तिचे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे भाग ठिपक्यांतून वाचलेल्या रंगाचे आहेत. पहिल्या भागाच्या फिल्मवर मात्र वाचता येतील असे ठिपकेच नव्हते. त्या दिवशीचं काम नियमाप्रमाणे, स्वच्छ झालं होतं. त्यामुळे त्या भागात निवडक चौकटी हाताने रंगवाव्या लागल्या आणि मधल्या चौकटींत संगणकाने तो रंग पसरवला.

काम देखणं आहे. पण माझ्या मते या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसऱ्या भागातला गणवेशाचा रंग हा १९७१ मध्ये स्टुडिओतल्या कॅमेऱ्याने मोजलेला रंग आहे, मग तो कितीही अंधूक असो. पहिल्या भागातला रंग हा जाणकार माणसाचा अभ्यासू तर्क आहे. दोन्ही भाग लागोपाठ पाहताना हा फरक प्रेक्षकाला कळू नये यासाठी बरीच मेहनत घेतलेली आहे. प्रेक्षक म्हणून मला ती आवडते, विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून थोडी खटकते.

‘डॉक्टर हू’च्या बाबतीत हे सगळं घडलं ते घरी बघण्याच्या डिस्कसाठी पैसे मोजणारे चाहते होते म्हणून. केवळ जतनासाठी एवढा खर्च कोणी केला असता असं वाटत नाही.

आज दोष वाटणाऱ्या गोष्टीतही उद्या माहिती सापडू शकते, हा धडा आपल्या घरच्या टेपलाही लागू आहे. आपल्याकडे सध्या जुन्या लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस टेप दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची लगबग आहे. उतरवताना चित्र ‘साफ’ केलं जातं, आकसवलं जातं आणि टेप रद्दीत जाते. व्हिडिओ यंत्राच्या हेडवरचा कच्चा सिग्नलच थेट टिपून त्यातून चित्र उलगडणारी मोफत संगणकप्रणाली आज उपलब्ध आहे आणि दुकानातल्या यंत्राला न दिसणारे बारकावे ती अनेकदा काढून देते. तेव्हा प्रत जरूर करून घ्या, पण मूळ टेप परत मागा आणि बुरशी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.