छोट्या महाविद्यालयातील इतिहासाचे अध्ययन आणि कोयना खोऱ्यातील साधने

प्रस्तावना

इतिहासाचे उच्च शिक्षण म्हटले की पुणे, मुंबई, फार तर कोल्हापूर अशी नावे डोळ्यांसमोर येतात. पेशवे दप्तर पुण्यात, शासकीय पुराभिलेख मुंबईत, करवीर संस्थानाची कागदपत्रे कोल्हापुरात. तेव्हा इतिहासाचे संशोधनही तेथेच व्हावयाचे आणि तालुक्याच्या महाविद्यालयाने ते केवळ शिकवावयाचे, अशी एक अलिखित विभागणी रूढ झालेली आहे. एक किंवा दोन अध्यापकांचा विभाग, मर्यादित ग्रंथालय, स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त म्हणून इतिहास निवडणारे विद्यार्थी आणि त्यांतही पदवी घेणारे घराण्यातील पहिलेच असलेले अनेक, हे अशा महाविद्यालयाचे सर्वसाधारण चित्र होय. प्रस्तुत लेखात कोयनानगर आणि पाटण परिसराच्या संदर्भात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, काही प्रकारची ऐतिहासिक साधने केवळ छोट्या महाविद्यालयाच्याच हाताशी असतात. ती मोठ्या विद्यापीठास सहज मिळत नाहीत आणि त्यांतील सर्वांत मोलाची साधने फार काळ टिकणारीही नाहीत.

सातारा जिल्ह्यास या बाबतीत परंपरा नाही असे नव्हे. वि. का. राजवाडे यांना ज्या कागदपत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये सिद्ध करता आला, ती कागदपत्रे वाई येथे मिळाली होती. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमविलेला संग्रह मात्र १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. कागद सुरक्षित राहिले ही समाधानाची बाब होय. पण जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जिल्ह्याचा इतिहास वाचण्यासाठी जिल्हा सोडावा लागू लागला, हेही तितकेच खरे. पुढे १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते. शिक्षण खेड्याजवळ आले; दप्तरे मात्र शहरातच राहिली.

खोऱ्याची ओळख

कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेस कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाच्या वरच्या अंगास देशमुखवाडी येथे धरण बांधण्यात आले आणि त्या बांधकामाच्या निमित्ताने कोयनानगर ही वसाहत उभी राहिली. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची उंची १०३ मीटर आहे. अडविलेले पाणी पश्चिमेस बोगद्यांतून सह्याद्रीखाली नेऊन पोफळीच्या बाजूस वीजनिर्मिती केली जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १९६० मेगावॅट असल्याने पाठ्यपुस्तकांत कोयनेचा उल्लेख बहुधा ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा’ असाच येतो.

त्या भाग्यरेषेखाली सुमारे शंभर गावांच्या जमिनी गेल्या. भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे कोयनेची गावे उठल्यानंतर दीड दशकाने आलेला. ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या उदाहरणावरून राज्यास शिकावा लागला, त्यांना स्वतःला त्याचा लाभ वेळेवर मिळाला नाही. विस्थापित कुटुंबे सातारा जिल्ह्याबरोबरच सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. काही काठावरच वर सरकून राहिली आणि पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य व २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर त्यांतील काहींच्या पुढे स्थलांतराचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली. दख्खनचे पठार स्थिर असते, असा तोवरचा भूशास्त्रीय समज होता. त्या समजासही या पहाटेने तडा दिला. जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण आज जगभर दिले जाते. त्यासाठी कराडजवळ हजारमाची येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा उभी आहे आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर खोदून पूर्ण झाले. जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर उतरण्याची व्यवस्था झाली. जमिनीवर राहणाऱ्यांच्या आठवणीत उतरण्याची तशी कोणतीही व्यवस्था खोऱ्यात दिसत नाही.

साधने कोठे आहेत?

या खोऱ्यातील इतिहासाचे प्रकल्पकार्य सामान्यतः किल्ल्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पाटणजवळचा दातेगड व त्यावरील तलवारीच्या आकाराची विहीर, मोरगिरीचा गुणवंतगड, जलाशयापलीकडचा वासोटा हे विषय आकर्षक आहेत यात शंका नाही. १८१८ मध्ये वासोट्यावर छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा परिवार ठेवण्यात आला होता व इंग्रजांनी तो किल्ला घेतल्यावर त्यांची सुटका झाली, हा प्रसंग तर सातारा संस्थानाच्या इतिहासातील कळीचा आहे. परंतु दरवर्षी तीच माहिती त्याच दोन पुस्तकांतून उतरवून घेण्याने विद्यार्थ्यास इतिहासाची माहिती होते, इतिहास कसा लिहितात ते कळत नाही. बांधणी केलेल्या प्रकल्पवह्यांचे गठ्ठे कपाटात वाढत जातात, एवढेच.

त्याऐवजी एखादे बुडालेले गाव घेता येते. गाव पाण्याखाली गेले तरी त्याचे कागद बुडालेले नसतात. १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाल्यानंतर इंग्रजी पद्धतीची मोजणी झाली. तिचे आकारबंद आणि गावनकाशे भूमी अभिलेख खात्याकडे असतात. फेरफार नोंदींवरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, वाटण्या कधी झाल्या, सावकाराचे नाव केव्हा लागले आणि केव्हा उठले, हे दिसते. जन्म-मृत्यूच्या नोंदींत एखाद्या साथीचे वर्ष आपोआप उघडे पडते. भूसंपादनाच्या निवाड्यात विहीर, आंब्याचे झाड, गोठा यांची मोजदाद असते आणि प्रत्येकाची किंमत लावलेली असते. एखाद्या कुटुंबाच्या मालमत्तेचे इतके तपशीलवार वर्णन दुसऱ्या कोणत्याही साधनात क्वचितच सापडेल. यांच्या जोडीला १८८५ चे सातारा गॅझेटिअर व १९६३ ची त्याची सुधारित आवृत्ती ठेवली की, धरणापूर्वीच्या खोऱ्याचे दोन काळांतील चित्र तुलनेसाठी मिळते. जुने कागद मोडीत असतात ही अडचण खरी आहे. पण पदवीच्या तीन वर्षांत मोडी वाचता येणे ही काही असाध्य गोष्ट नव्हे.

या कागदांना व्यवहारातही अर्थ आहे. पर्यायी जमिनीची मागणी करणाऱ्या कुटुंबास खातेदार कोण होता, वारस कोण, किती क्षेत्र गेले हे आजही सिद्ध करावे लागते. कोयना धरणग्रस्तांनी २०१८ मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला दीर्घकाळ ठिय्या दिला. त्या मागण्यांच्या केंद्रस्थानीही पुनर्वसनाचा साठ वर्षांचा अपुरा हिशोबच होता. साधनांची चिकित्सा, म्हणजे कागद कोणी, केव्हा, कशासाठी तयार केला हे विचारणे, हा इतिहासाच्या पद्धतिशास्त्राचा पहिला धडा होय. वर्गात तो रुक्ष वाटतो. स्वतःच्या आजोबांच्या नावाचा फेरफार हाती आला की तोच धडा समजावून सांगावा लागत नाही.

मौखिक साधने आणि त्यांची विश्वासार्हता

कागद टिकतील, माणसे टिकणार नाहीत. गावे उठली तेव्हा विशीत असलेल्या व्यक्ती आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि भूकंपाच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूलही आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. त्यामुळे मौखिक इतिहास हा येथे अभ्यासक्रमातील एक उपघटक राहत नाही, त्याला कालमर्यादा लागलेली आहे.

मौखिक साधनांविषयी अध्यापकवर्गात एक रास्त शंका असते. माणसे विसरतात, सन चुकवतात, पुढच्या गोष्टी मागे जोडतात; मग अशा कथनास इतिहास कसे म्हणावे? या शंकेचे उत्तर इटलीचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दिले आहे. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये एका निषेध मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. अनेक वर्षांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा पुष्कळांनी ही घटना १९५३ ची, म्हणजे मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षातील म्हणून सांगितली. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. एका तरुणाचा मृत्यू विनाकारण झाला हे समाजास सहन होत नाही, म्हणून स्मृती त्यास अधिक अर्थपूर्ण लढ्याशी जोडते, असे त्यांनी दाखविले. घटनेची तारीख कागद सांगतो, घटनेचा अर्थ स्मृती सांगते. दोहोंतील अंतर हेच संशोधनाचे क्षेत्र होय.

कोयनेच्या संदर्भात ही दृष्टी फारच उपयुक्त ठरते. गाव सोडणे आणि भूकंप या दोन घटनांत काही वर्षांचे अंतर आहे. परंतु कथनात त्या एकमेकींना चिकटलेल्या आढळल्या तर नवल नाही. एखाद्याने ‘भूकंपाने गाव उठवले’ असे सांगितले, तर ते असत्य म्हणून खोडण्यापूर्वी सांगणाऱ्याच्या आयुष्यात नेमके काय उठले, हे विचारावे लागते. तसेच सन विचारण्यात फारसा अर्थ नसतो. लग्न भूकंपाच्या आधी की नंतर, थोरला तेव्हा चालत होता की पाळण्यात होता, असे विचारले की कालनिश्चिती बरीच नेमकी होते.

मुलाखत छापील प्रश्नावलीने सुरू करण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. गावनकाशाची प्रत पुढे ठेवून ‘आजी, तुमचे घर यात कुठे होते?’ एवढेच विचारणे पुरेसे असते. पुढचे सारे नकाशाच बोलावतो. घरातील पुरुष उत्तरे देऊ लागले की बाया आत जातात, म्हणून स्त्रियांच्या मुलाखतींसाठी विद्यार्थिनींनीच, आणि स्वतंत्र वेळी, जाणे श्रेयस्कर. माहेर एका बुडालेल्या गावातले आणि सासर दुसऱ्या, अशा स्त्रीचा इतिहास सातबाऱ्यावर कोठेच उमटत नाही, कारण तिचे नाव त्यावर क्वचितच होते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, ते याच जाणिवेतून झालेले काम होय. कोयना खोऱ्यातील ओव्या अशा रीतीने आणि अशा प्रमाणावर जमविणे अजून शक्य आहे. किती काळ, हा प्रश्न वेगळा.

या खोऱ्याच्या इतिहासाचा एक मोठा भाग खोऱ्याबाहेर आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. पाटण-जावळीतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारांत राबले. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातीलच. कोयनेची वीजही मुंबईकडे गेली आणि माणसेही मुंबईकडेच गेली! अशा कुटुंबांच्या मुलाखती गणपती-शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हाच घेता येतात. महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि इतिहासाचे वेळापत्रक नेहमीच जुळते असे नाही.

छोट्या विभागाची क्षमता

स्थानिक इतिहास हा दुय्यम दर्जाचा विषय मानण्याची प्रवृत्ती आपल्याकडे अद्याप आहे. इंग्लंडमध्ये या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९४८ मध्ये निघाला तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला नव्हे, तर लीस्टर येथील एका लहानशा युनिव्हर्सिटी कॉलेजात. ते कॉलेज पूर्ण विद्यापीठ झाले १९५७ मध्ये. विभागाचे प्रवर्तक डब्ल्यू. जी. हॉस्किन्स तेथे प्रथम आले ते वाणिज्याचे अध्यापक म्हणून. शेतांचे बांध, जुने रस्ते, ओसाड पडलेली गावे पायी फिरून पाहण्याची जी पद्धत त्यांनी रुजविली, तिच्यासाठी मोठ्या ग्रंथालयापेक्षा अभ्यासविषयाच्या जवळ राहणे अधिक आवश्यक होते.

पाटणच्या बाळासाहेब देसाई कॉलेजसारख्या संस्थेतील किंवा कराड परिसरातील विद्यार्थ्यांजवळ ही जवळीक मुळातच असते. मुंबई-पुण्याहून आलेल्या संशोधकास जी दारे उघडायला महिने लागतात, त्या दारांतून हा विद्यार्थी लहानपणापासून ये-जा करतो. जवळिकीचे धोकेही आहेत. भाऊबंदकीचा वाद, शेजारच्या घराचा हिशोब, जातीनिहाय वस्तीच्या जागा यांविषयी तो मोकळेपणाने विचारील किंवा लिहील असे नाही; आणि त्याने लिहिलेल्याचे परिणाम त्यास गावातच भोगावे लागतात. म्हणून कथन करणाऱ्याची लेखी संमती, नाव गुप्त ठेवण्याची मुभा आणि नको असलेला भाग वगळण्याचा त्याचा अधिकार, या गोष्टी पहिल्या तासिकेतच शिकवावयास हव्यात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पास श्रेयांक देण्यात आले आहेत. ते किल्ल्याच्या सहलीवर खर्च होतील की एका गावाच्या नोंदवहीवर, हे त्या त्या विभागाच्या हाती आहे. एका वर्षी एक गाव इतकी माफक मर्यादा ठेवली तरी चालेल. गावनकाशाची प्रत, निवाड्याची नक्कल, दहा-बारा मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि त्यांचे शब्दशः लेखन, कथन करणाऱ्याचे वय व मूळ गाव यांची नोंद, आणि हे सर्व ग्रंथालयात क्रमांक देऊन नोंदविणे, एवढे काम दोन अध्यापक आणि पंधरा विद्यार्थी यांच्या आवाक्यातील आहे. ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीतच राहिले तर परीक्षेनंतर ते पुसले जाते. ते त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवून घेऊन त्याची एक प्रत कथन करणाऱ्याच्या घरी द्यावी.