बालआहाराची परिभाषा : पूरक पोषण योजनांतील काही शब्दांचा तौलनिक विचार

बालकांच्या पोषणासाठी शासनाने चालविलेल्या योजनांचा अभ्यास आजवर मुख्यतः अर्थशास्त्र आणि आहारशास्त्र या दोन शाखांनी केला आहे. मात्र या योजना एकाच वेळी अनेक भारतीय भाषांत राबविल्या जातात, आणि प्रत्येक भाषेत अन्नाला, ते खाणाऱ्याला व ते वाटणाऱ्याला वेगळी नावे मिळतात. ही नावे केवळ अनुवाद नसतात. लहान मुलाच्या ताटात प्रत्यक्षात काय पडते, याचा काही उलगडा त्यांतून होतो. प्रस्तुत लेखात अशा मोजक्या शब्दांचा विचार केला आहे.

आरंभ अर्थातच ‘अंगणवाडी’ या शब्दापासून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे जे कार्य केले, त्यात मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा विचार होता. शब्द शिक्षणाचा होता, अन्नाचा नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो उचलला आणि तो देशभर गेला. मल्याळममध्ये तो ‘अङ्कणवाडि’ असा संस्कृत वळणाने लिहिला जातो. बंगालमध्ये मात्र लोकांनी त्याला बाजूला सारून ‘खिचुडी स्कूल’ असे नाव रूढ केले. मोडकांच्या अंगणातील शिक्षण लोकांच्या लेखी दुय्यम ठरले आणि पातेले मुख्य ठरले, हे या नावातून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

कायद्याची भाषा अंकांची आहे. आरंभी सामान्य बालकासाठी रोज ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण होते. २००९ मध्ये ते ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम असे वाढविण्यात आले व २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत त्याला स्थान मिळाले. त्याच अनुसूचीने बालकांचे दोन भाग केले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला केंद्रात सकाळचा नाश्ता व गरम शिजविलेले जेवण. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा शिधा. पहिला गट समोर बसून खातो. दुसऱ्याचे अन्न पाकिटात बंद होऊन आईच्या हाती जाते, आणि कुपोषणाचा खरा पाया याच दुसऱ्या वयात रचला जातो.

या पाकिटाची नावे पाहावीत. तेलुगू भाषक राज्यांत ‘बालामृतम्’, केरळात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी तयार केलेले ‘अमृतम्’, गुजरातेत ‘बालशक्ती’: ही नावे गौरवाची आहेत, खाद्याची नव्हेत. ओडिशात मात्र ‘छतुआ’ हे साधे घरगुती नाव टिकले. ते संस्कृत ‘सक्तु’चे वंशज असून आपल्या ‘सातू’चे सख्खे भावंड होय. (ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ज्ञानसूक्तात चाळणीने सक्तू चाळावा तशी वाणी शुद्ध करण्याची उपमा येते; एवढा जुना हा पदार्थ.) तमिळमधील ‘सत्तुमावु’ ध्वनीने याच्या जवळचा वाटतो, पण तेथील ‘सत्तु’ म्हणजे सत्त्व, कस, ‘मावु’ म्हणजे पीठ. तौलनिक अभ्यासकाने या ध्वनिसाम्याला भुलू नये. उत्तर भारतातील ‘पंजीरी’ची कथा आणखी वेगळी आहे. परंपरेने तो बाळंतिणीचा खाऊ आहे, आपल्याकडील डिंकाच्या लाडवासारखा. बालकाच्या पाकिटावर हे नाव आल्यावर घरातील मोठ्यांनी त्यात आपला वाटा मानला, तर त्यात आश्चर्य कसले?

महाराष्ट्रात घरपोच आहारासाठी शिरा, उपमा आणि ‘सुकडी’ यांची तयार मिश्रणे दिली गेली. गुजरातीत ‘सुखडी’ हे गूळ, तूप व गव्हाच्या पिठाचे गोड पक्वान्न आहे. मराठी ग्रामीण स्मृतीत मात्र सुकडी म्हणजे १९७२ चा दुष्काळ. एका भाषेत सणाचा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत आपत्तीचा झाला. ज्या पिढीने तो दुष्काळ भोगला तिच्या घरात सुकडीचे पाकीट आले, तेव्हा ते बाळाचे अन्न म्हणून नव्हे, सरकारी मदत म्हणून आले; आणि मदत ही सर्व घराची असते.

वास्तविक बाळाच्या पहिल्या घासासाठी प्रत्येक भाषेपाशी स्वतःचा शब्द आहे: मराठीत उष्टावण, बंगालीत मुखेभात, मल्याळममध्ये चोरूण. हा संस्कार बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास होतो, म्हणजे आहारशास्त्राने सांगितलेल्या वेळीच. अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी केवळ ११.३ टक्के होती. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती.

येथे एक शारीरिक सत्य आड येते. बाळाचे पोट लहान असते. पेज पातळ ठेवली तर पोट पाण्याने भरते, घट्ट केली तर गिळवत नाही. याचा तोडगा आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून होता. मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठात अमायलेज हे विकर तयार झालेले असते. ते पिष्टाचे विघटन करून लापशी सैल ठेवते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या तत्त्वावर संशोधन केले. एवढे स्वस्त आणि परिचित तंत्र हाताशी असताना कारखान्यातील गोड मिश्रणाला अग्रक्रम मिळावा, हे प्रस्तुत लेखकाला धोरणाचे अपयश वाटते.

कारखाना आला तो पुरवठ्याच्या वाटेने. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असे सांगितले होते. त्यानंतर ‘महिला मंडळ’ हा शब्दच निविदांमध्ये पात्रतेचा परवाना बनला. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातील घरपोच आहाराची कंत्राटे रद्द केली, तेव्हा प्रश्न निविदेच्या अटींचा होता: त्या लहान बचत गटांना दाराबाहेर ठेवणाऱ्या होत्या.

२०२३ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याची ही अनुसूची सुधारण्यात आली. उष्मांक व प्रथिनांच्या जोडीला सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आहारातील वैविध्य यांचा त्यात समावेश झाला. परंतु वैविध्याचा प्रश्न काही राज्यांत एकाच पदार्थाशी अडतो: अंडे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत अब्दुल कलाम यांच्या नावाने चाललेल्या अमृत आहार योजनेत बालकांसाठी अंडी किंवा केळी अशी तरतूद केली गेली. येथील ‘किंवा’ हे अव्यय सामाजिक सोयीचे आहे. आहाराच्या हिशेबात त्याच्या दोन बाजू समान नाहीत: एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, एका केळ्यात जेमतेम एक.