चाकातील पहारेकरी आणि त्याविषयीचे प्रवाद

निपाणी सोडून तवंदीचा घाट ओलांडीत बेळगावाकडे निघालेल्या नव्या मोटारीच्या काट्यांशेजारी उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागला, की मालक एकतर घाबरून शोरूमचा रस्ता धरतो, नाहीतर टायरास एक लाथ मारून, हवा ठीक असल्याचा निकाल स्वतःच देऊन, पुढे निघतो.

हा दिवा टायरातील हवेच्या दाबावर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचा. अशी यंत्रणा असलेल्या गाडीचे टायर बदलताना सेन्सरही नवे घ्यावे लागतात, हा प्रवाद सर्वांत खर्चिक. वस्तुतः सेन्सर टायरास नव्हे, तर बहुधा रिमच्या आत व्हॉल्व्हच्या बुडाशी जोडलेला असतो. टायर जातो, तो राहतो, आणि त्यातील सीलबंद बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते. बदलावयाचे ते व्हॉल्व्हचे रबरी सील, ज्याची किंमत सेन्सरच्या मानाने क्षुल्लक असते. कित्येक गाड्यांत तर चाकात सेन्सर मुळी नसतोच: हवा उतरलेले चाक किंचित लहान होऊन अधिक फेरे घेते, एवढ्या दाखल्यावरून एबीएसची यंत्रणा निदान करते. अशा गाडीस टायर बदलल्यावर नवी नोंद द्यावी लागते. ती न दिल्यामुळे चुकीचा इशारा मिळाला, तर दोष मात्र बिचाऱ्या पंक्चरवाल्याच्या माथी येतो.

दिवा विझलेला म्हणजे हवा पुरेशी, ही समजूत अधिक घातक होय. फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० साली केलेल्या कायद्यान्वये जो नियम ठरला, त्यात दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के घटल्यावर इशारा अपेक्षित आहे. म्हणजे ३२ पौंडांचा टायर २४ वर येईतो दिवा मौन पाळू शकतो. उलट, सुमारे साडेपाच अंश सेल्सियस उष्णता उतरली की एक पौंड दाब घटतो, त्यामुळे बेळगावच्या पौषातील पहाटे लागलेला दिवा गाडी तापल्यावर आपोआप विझला, तर यंत्रणा बिघडली असे समजू नये. हवा मात्र मोजावी.

भारतात २०२० पासून ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारीस स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. परंतु टायरची कूस फाटल्यास तो संच निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट चोर्ल्याच्या घाटातून गोव्यास जाणाऱ्याने ध्यानी ठेवावी.

टायर सोडविणाऱ्या यंत्राचे पाते व्हॉल्व्हशेजारी दाबले गेल्यास सेन्सरचा तुकडा पडतो. म्हणून गाडी जॅकवर चढण्यापूर्वीच, आत सेन्सर आहे, असे कारागिरास सांगावे.