दम्याचं धुकं

रात्री दोनच्या सुमारास आमच्या घरातून त्या यंत्राची घरघर ऐकू आली की शेजारच्या काकूंना कळायचं, आज पुन्हा पोरीचा दमा उसळला. त्या काही विचारायच्या नाहीत. सकाळी गवती चहाची पात तेवढी दाराशी ठेवून जायच्या.

नेब्युलायझर घरात आला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, सवय लागेल पोरीला!’’ त्यांच्या माहेरचे दमेकरी मृग लागला की हैदराबादला मासोळीचं औषध गिळायला जात. मी वाद घातला नाही. भीती माझ्याही मनात होतीच.

औषधं दोन जातींची असतात, हे समजायला मला एक इस्पितळवारी करावी लागली. साल्ब्युटामॉल श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतं. मुखवट्यातून धुकं आत जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत पोर बोलायला लागते. हात थोडे थरथरतात, छाती धडधडते, पण आराम डोळ्यांना दिसतो. ब्युडेसोनाइडचं तसं नाही. ते स्टिरॉइड, आतली सूज हळूहळू, दिवसा-आठवड्यांनी उतरवतं. एखाद्या दिवशी चुकलं तरी लगेच काही जाणवत नाही. म्हणून दिवाळीनंतर मुलगी अंगणात धावायला लागल्यावर मी ते परस्पर बंद केलं. ‘स्टिरॉइड’ या शब्दाचा धसकाही होताच.

जानेवारीतल्या एका रात्री तीनदा साल्ब्युटामॉल देऊनही बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. वाक्य पुरं करता येईना. रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘‘आई, वारा...’’

डॉक्टर रागावले नाहीत. तातडीचं औषध वारंवार लागतंय म्हणजे दमा आटोक्यात नाही, असं म्हणाले. श्वासातून जाणारं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, पोटातल्या गोळीच्या मानानं फारच थोडं. घेतल्यावर चूळ भरायची, मुखवटा लावला असेल तर चेहराही धुवायचा. नाहीतर तोंडात बुरशी धरते. आणि साधा पंप स्पेसरला जोडून नीट घेतला, तर बहुतेक झटक्यांत तो नेब्युलायझरइतकंच काम करतो. वीज नको, घरघर नको. खरं सांगते, मला आधी यंत्राचे पैसेच आठवले!

यंत्र आता कपाटात आहे. रोजचं औषध ती स्पेसरमधून घेते, दात घासायच्या आधी. परवा स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘पंप झाला का गं? मग चूळ भर आधी, दूध नंतर.’’