दात दुखण्याआधी

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला नेहमीची मंडळी जमली होती. चकल्या आईनेच केलेल्या, अगदी खुसखुशीत. पण ती स्वतः मात्र चकली चहात बुडवून खात होती. मी विचारले, तर म्हणाली, "अगं, अशीच छान लागते." आठवड्याने तिच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा खरा प्रकार कळला. हिरड्या सुजल्या होत्या, दोन दाढा हलत होत्या. दुखत नव्हते म्हणून ती बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

डेंटिस्टकडे दुभाषी मीच. "तंबाखू खाता का?" या प्रश्नावर आईने मान हलवली आणि मीही "नो" म्हणून मोकळी झाले. वास्तविक आईला तरुणपणापासून मिशेरीची सवय. घरात सर्वांना ठाऊक, पण चारचौघांत कोणी बोलत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या खेपेला खरे सांगितले. डेंटिस्टने गालाच्या आतली बाजू पुन्हा नीट पाहिली, तर एक पांढरा चट्टा होता. हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण नजर ठेवावी लागणार आहे. आणखी वर्षभर खोटेच बोललो असतो तर?

मिशेरी आपल्याला परकी नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. सुरुवात दातवण म्हणून होते, मग दिवसातून चार वेळा लागते. पुणे जिल्ह्यातल्या लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरातल्या सुमारे ३९ बायका मिशेरी लावत होत्या. पुरुष शंभरात एकही नाही. म्हणजे ही सवय आपल्या आई-आजींची. सुपारीचेही तसेच. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आईला तो बारा वर्षे आहे. दरवर्षी पाय तपासतात, डोळे तपासतात. हिरड्यांचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. रक्तात साखर जास्त असली की हिरड्यांतला जंतुसंसर्ग लवकर बरा होत नाही. उलट हिरड्या सतत सुजलेल्या राहिल्या की इन्सुलिनचे काम नीट होत नाही आणि साखर वाढते. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. म्हणूनच 'नाइस' या संस्थेने जून २०२२ मध्ये डॉक्टरांना सांगितले की, मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत हिरड्यांच्या धोक्याची कल्पना रुग्णाला द्यावी. आपल्या लोकांत मधुमेह गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, तेव्हा हे आपल्यालाच अधिक लागू. हृदयविकाराशीही हिरड्यांचा संबंध दिसतो, मात्र एकामुळे दुसरे होते असे अजून सिद्ध झालेले नाही.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे काही :

१. रात्री झोपताना आणि दिवसा आणखी एकदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. नंतर फेस नुसता थुंका. आपल्याला खळखळून चूळ भरायची सवय, पण तिने फ्लोराइड वाहून जाते.

२. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत बरा झाला नाही, लाल-पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर थांबू नका.

३. डेंटिस्टला मधुमेह सांगा, जी.पी.ला हिरड्या सांगा. दोघे एकमेकांशी बोलतील असे गृहीत धरू नका.

४. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना, गरोदर बायकांना आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत आईला एन.एच.एस.चे दंतोपचार मोफत आहेत. साठीनंतर औषधे मोफत मिळतात, दंतोपचार मात्र केवळ वयामुळे मोफत होत नाहीत.

५. वेळ ठरवतानाच दुभाषा मागा. मुलीसमोर किंवा सुनेसमोर जे सांगवत नाही, ते परक्या माणसासमोर सांगणे सोपे जाते.

६. मिशेरी, तंबाखू सोडायला मदत मिळते. जी.पी.कडे विचारा. रागावण्याने सवय सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आईच्या दोन्ही दाढा गेल्या. मिशेरी दिवसातून एकदावर आली आहे, अजून सुटलेली नाही. हे सारे छापायला तिची परवानगी घेतली, तेव्हा म्हणाली, "लिही. माझ्यासारख्या आणखी असतील." तेव्हा या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना जेवताना विचारा, "नीट चावता येतंय ना?"