हाडे भक्कम, तर म्हातारपण सुखाचे

दुभत्या जनावराच्या खुराकात खनिज मिश्रण का घालावे, हे आपण जाणता. दुधावाटे जाणारे कॅल्शियम खुराकातून भरून निघाले नाही, तर ते जनावराच्या हाडांतून घेतले जाते. माणसाचेही तसेच आहे.

हाडांची झीज : साधारण तिशीपर्यंत हाडांत कॅल्शियमचा साठा वाढतो, चाळिशीनंतर तो घटू लागतो. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांमध्ये ही झीज वेगाने होते. हाडे ठिसूळ झाली, की अंगणात पाय घसरण्याचे निमित्तही खुब्याचे हाड मोडण्यास पुरते.

आहाराचा हिशेब : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाळी बंद झालेल्या स्त्रियांना ते याहून अधिक हवे. ४०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून जेमतेम ११० मिलिग्रॅम मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये दिलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त अधिक आहे. कॅल्शियमसाठी मात्र भाकरीला जोड हवीच. ती अशी :

१) पाव लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही : सुमारे ३०० मिलिग्रॅम.
२) २० ग्रॅम तिळाची चटणी : सुमारे २५० मिलिग्रॅम.
३) शेवग्याचा ५० ग्रॅम कोवळा पाला, भाजी करून : सुमारे १५० मिलिग्रॅम.

उरलेली गरज डाळी, हरभरा, राजगिऱ्याची भाजी व नाचणी यांतून भागते. सर्व दूध डेअरीला घालून घरात कोरा चहा पिऊ नये. घरातील स्त्रियांच्या वाट्याला दूध येते का, हेही पाहावे. बांधावर शेवग्याची दोन झाडे जरूर लावावीत.

पाण्याची तपासणी : नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यासह काही भागांतील भूजलात फ्लोराईडचे प्रमाण जास्त आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठ होतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. अशा टंचाईत विंधन विहिरी खोल जातात. खोल खडकातील पाण्यात फ्लोराईड असण्याची शक्यता अधिक, म्हणून नव्या विहिरीचे पाणी पिण्यापूर्वी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते; १.५ च्या वर असल्यास ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

ऊन व काम : कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हामुळे त्वचेत तयार होते. घरात बसून असणाऱ्या वृद्धांनी थंडीत दुपारी व उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून अर्धा तास उन्हात बसावे. रोज चालावे. तंबाखू व बिडी सोडावी.

कंबर सतत दुखत असल्यास, उंची कमी झाल्यास किंवा किरकोळ मारानेही हाड मोडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. हाडांचा पाया बालपणी व तरुणपणी घातला जातो, म्हणून ही काळजी मुला-सुनांपासूनच घ्यावी.