मुंबई बंदरांतील स्त्रीपुरुषांचे व्यवसाय (इ. स. १९१९ ते १९३९) व त्यांचीं कागदी साधनें

सुमारें तीस वर्षांपूर्वीं कळस (तालुका इंदापूर, जिल्हा पुणें) येथील एका शेतकरी कुटुंबाकडे जुने कागद असल्याचें कळल्यावरून आम्ही ते पाहावयास गेलों होतों. पेटींत वरच्या बाजूस कांहीं मोडी खतें व पावत्या होत्या. तळाशीं सुतळीनें बांधलेला मनिऑर्डरच्या कुपनांचा एक गठ्ठा होता. घरांतील कर्ता पुरुष पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गोदींत कामास होता. तेथून त्यानें वेळोवेळीं धाडलेल्या पैशांचीं तीं कुपनें होतीं. आम्हीं मोडी कागदांच्या नकला करून घेतल्या आणि गठ्ठा 'यांत इतिहास नाहीं' असें म्हणून परत केला. दोन वर्षांनीं पुन्हां जाण्याचा योग आला, तेव्हां तो चुलींत गेल्याचें समजलें. घरच्या मंडळींस दोष देतां येत नाहीं. निवाडा आम्हींच दिला होता. तो चुकीचा कां होता, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम स्थलाचा विचार करूं. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना इ. स. १८७३ मध्यें झाली. १८८० सालीं प्रिन्सेस, तीनंतर व्हिक्टोरिया व १९१४ सालीं अलेक्झांड्रा अशा तीन बंदिस्त गोद्या क्रमानें तयार झाल्या. १९२१ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ११,७५,९१४ व १९३१ च्या खानेसुमारींत ११,६१,३८३ भरली. १९२१ सालीं दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशेच होत्या. म्हणजे कमावत्या पुरुषांपैकीं पुष्कळ जण कुटुंब गांवीं ठेवून आलेले होते. कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतून, तसेंच घाटावरील पुणें, सातारा व अहमदनगर या जिल्ह्यांतून हे लोक येत. इंदापूर तालुका अवर्षणाचा; नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी त्याच्या एका अंगासच मिळे. मुंबईची वाट मात्र १८५८ मध्यें पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी सुरू झाल्यापासून सोपी झाली होती.

गोदींतील कामाचे दोन भाग असत. जहाजाच्या पोटांतील माल काढणें व भरणें हें स्टीव्हेडोर म्हणविणाऱ्या मक्तेदारांकडे असे. धक्क्यावरील व वखारींतील हमाली पोर्ट ट्रस्टच्या देखरेखीखालीं चाले. दोन्हीं ठिकाणीं माणूस एकटा क्वचित् लागे, तो टोळीनें लागे. टोळीवाला किंवा मुकादम माणसें जमवी, आणि तीं बहुधा आपल्या गांवचीं वा भावकींतलीं असत. जहाज लागलें तर काम, न लागलें तर खाडा. कामापेक्षां माणसें अधिक असल्यामुळें मुकादमाची मर्जी हीच रोजगाराची हमी होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत ही अनिश्चितता वाढली. व्हिट्ले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत गोदी-कामगारांची नोंदणी करावी असें सुचविलें. तत्संबंधीं कायदा होण्यास १९४८ साल उजाडलें.

बंदराचा दुसरा रोजगार म्हणजे जहाजावरील नोकरी. डेकवरचे खलाशी पुष्कळदां रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वा गुजरातेकडील असत. उतारूंच्या बोटींवरील स्वयंपाकी व वाढपी बहुतेक गोव्याचे. गोवेकरांनीं गांववार स्थापिलेले 'कूड' मुंबईंत होते, तेथें ते पुढील बोट मिळेपर्यंत राहात. हींच माणसें लंडन, कार्डिफ, साउथ शील्ड्स या ब्रिटिश बंदरांपर्यंत पोंचत. १९२५ सालीं तेथें परकीय 'रंगीत' खलाशांच्या नोंदणीचा हुकूम निघाला, आणि ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी पुरावा जवळ नसलेल्या हिंदी खलाशांनाही परकीय म्हणून नोंदविण्यांत येऊं लागलें. कागदाच्या एका कपट्यावर माणसाचें पोट कसें अवलंबून असतें, हें यावरून दिसून येईल.

आतां स्त्रियांकडे वळूं. गोदीच्या टोळ्या पुरुषांच्या. परंतु कोळशाच्या बंदरावर डोक्यावरून पाट्या वाहण्याचें काम स्त्रियाही करीत. कापडाच्या गिरण्यांत १९२० नंतरच्या दशकांत पांच कामगारांत साधारणतः एक स्त्री असे. त्यांचीं खातीं ठरलेलीं होतीं : सूत रिळांवर गुंडाळणें आणि त्याच्या लडी करणें. त्यांजवरील मुकादमिणीस 'नायकीण' म्हणत. १९३० नंतर हें प्रमाण उतरत गेलें. गिरण्यांनीं कामाची फेरमांडणी करून माणसें कमी केलीं. रात्रपाळीस स्त्रियांना कायद्यानें मनाई होती. आणि १९२९ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यान्वयें बाळंतपणाचा भत्ता मालकांस द्यावा लागे. याखेरीज कित्येक स्त्रिया चाळींतील खोलींत खाणावळ चालवीत. एकट्यानें राहणाऱ्या गड्यास दोन वेळचें जेवण तेथें महिन्याच्या उधारीवर मिळे. खाडे पडले म्हणजे त्या उधारीचा भार प्रथम खाणावळवालीवर येई.

या सर्वांचा हिशेब खानेसुमारीच्या कोष्टकांत मिळेल असें वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु १९२१ च्या कोष्टकांत लोकांचे 'प्रत्यक्ष काम करणारे' आणि 'अवलंबून असणारे' असे दोनच वर्ग केलेले आहेत. १९३१ मध्यें 'कमावते', 'काम करणारे अवलंबित' व 'काम न करणारे अवलंबित' असे तीन वर्ग केले. नवऱ्याच्या कामांत हात लावणारी स्त्री एका वेळीं एका रकान्यांत, दुसऱ्या वेळीं दुसऱ्या रकान्यांत पडली. तेव्हां दोन सालांचे आंकडे शेजारीं मांडून स्त्रियांचें काम वाढलें वा घटलें असें सरसकट म्हणणें योग्य नव्हे. १९४१ ची कोष्टकें दुसऱ्या महायुद्धामुळें आंखडतीं घेण्यांत आलीं, त्यामुळें तिकडूनही पडताळा मिळत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं या ठिकाणीं उपयोगी पडणारे दोन विचार सांगून ठेविले आहेत. पहिला अनुपलब्धीचा : वस्तु दिसण्याजोगी असून दिसली नाहीं तरच ती नाहीं म्हणावी. कोष्टकाचा रकानाच जर खाणावळवालीस पाहण्यासाठीं आंखलेला नसेल, तर ती तेथें न दिसल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. दुसरा अर्थापत्तीचा : दिवसा न जेवणारा देवदत्त पुष्ट दिसतो, त्या अर्थीं तो रात्रीं जेवीत असला पाहिजे. गोदीची मजुरी खाड्यांनीं पोखरलेली, आणि तरी कुटुंब तगलें. त्या अर्थीं दुसरी कोणती तरी कमाई असलीच पाहिजे. ती गांवीं राहिलेल्या स्त्रीची. शेत तिनें राखलें, म्हाताऱ्यांस व पोरांस तिनें संभाळलें, आजारी पडून परतलेल्या गड्यास तिनेंच उभें केलें. १९२८ च्या गिरणी-संपांत सहा महिने मजुरी बंद असतां पुष्कळ कामगार गांवाकडे गेले, तेही याच आधारावर. मुंबईच्या कोष्टकांत मात्र या स्त्रीचें नांव असणें शक्यच नव्हतें.

इंग्लंडांतील संशोधकांस या बाबतींत एक सोय आहे. तेथील १९२१ च्या खानेसुमारीचीं घरोघरचीं पत्रकें शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०२२ मध्यें, सर्वांस खुलीं झालीं. त्यांवरून एखाद्या बंदरांतील एका आळींत कोण काय काम करी हें नांवनिशीवार पाहतां येतें. १९३१ चीं पत्रकें मात्र १९४२ च्या डिसेंबरांत आगींत जळालीं, आणि त्याची हळहळ तेथील लोक अद्याप करितात. आपल्याकडे घरोघरच्या नोंदींचे कागद जपलेच गेले नाहींत. छापील बेरजा तेवढ्या उरल्या. म्हणून घराघरांतील पेट्यांत जें आहे, तेंच आपलें पत्रक.

कुपनांचा तो गठ्ठा आज असता तर काय कळलें असतें ? पैसे कोणत्या महिन्यांत आले व कोणत्या महिन्यांत आले नाहींत, यावरून खाडे. रक्कम वाढली कीं घटली, यावरून मंदी. पैसे कोणाच्या नांवें आले — बापाच्या, भावाच्या कीं बायकोच्या — यावरून घरांतील सत्ता. आणि खालच्या तुकड्यावरील दोन ओळींवरून, बैल घ्यावा कीं देणें फेडावें याचा निर्णय मुंबईंत होई कीं कळसास. एवढें सांगणारें साधन कोणत्याही दप्तरखान्यांत नाहीं.

यास्तव संग्राहक मंडळींस विनंति कीं, पेटी उघडल्यावर मोडी कागद काढून घेऊन थांबूं नये. मनिऑर्डरचीं कुपनें, पोस्टकार्डें, मुकादमाच्या हजेरीचीं पुस्तकें, खाणावळीच्या उधारीच्या वह्या, खलाशांचे दाखले, हीं जशीं सांपडतील तशीं, त्यांचा क्रम न मोडतां ठेवावीं. प्रत्येक गठ्ठ्यावर गांव, घर व सांपडल्याची तारीख लिहावी. घरांत वृद्ध स्त्री असल्यास तिला जवळ बसवून प्रत्येक कागदाविषयीं विचारावें. आम्हीं त्या दिवशीं तें केलें नाहीं. ती ओटीवरच बसली होती.